दार

कॉन्सेप्सिऑनच्या धक्क्यावर मी दार चढवलं
तेव्हा डॉन एवारिस्तोनं विचारलं, तिकीट माणसाचं की मालाचं?
लापाचोचं आहे, मी म्हटलं, वजनावर घ्या.
अकरा महिने चीज विकून केलेलं दार.
सुतारानं एक बिजागरी फुकट दिली होती,
ती रुमालात बांधून झग्याच्या खिशात.

दोन दिवस उत्तरेचा वारा.
नदी कढत, जड, तापातल्या माणसाच्या श्वासासारखी.
कांद्यांना पोत्यातच कोंब फुटू लागले,
कोंबड्या चोची वासून बसल्या
आणि झोळ्या टांगून पडलेले आम्ही
एकमेकांवर उगाच खेकसत होतो.
फक्त ती इशीर बाई (नाव कुणी विचारलं नाही)
रानअननसाच्या धाग्याची पिशवी विणत राहिली.
तिची बोटं कशावरच रागावलेली नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी वारा पडला,
इतका, की धुराड्यातला धूर परत खाली उतरला
आणि आमच्यात येऊन बसला.
डॉन एवारिस्तोनं दक्षिणेकडे पाहिलंही नाही, नुसतं हुंगलं.
बांधा, म्हणाला.
दोन झाडांना दोन दोर,
तिसरा एका बुंध्याला, ज्याच्यावर त्याचा भरवसा नव्हता
पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

मग आलं.
मला वादळ सांगता येत नाही.
आवाज एवढा, की तो ऐकू येईनासा झाला.
वीज चमकली की काठ दिसायचा
दर वेळी जरा वेगळ्याच जागी.
दक्षिणेकडची ताडपत्री टरकन फाटली,
पाणी आडवं आत शिरलं
फेलिसियानाच्या तान्ह्याच्या तोंडावर.
रजेवरून परतणारा सैनिक, मिसरूडही न फुटलेला,
माझ्या दाराकडे बघायला लागला.

मी दुसरीकडे बघितलं.
चार विजा होईपर्यंत दुसरीकडेच बघत राहिले.
कोरं दार.
अजून कुणी आत गेलेलं नाही त्यातून, कुणी बाहेर नाही.

मग उठून मीच दोरी सोडली.

सैनिक, मी, न्या पेत्रोनाचा जावई
आणि पिशवी दातांत धरून ती इशीर बाई,
दाराला पाठी लावून उभे.
वारा अंग टाकत होता त्याच्यावर,
पिऊन उशिरा घरी आलेल्या माणसासारखा.
ते धक्के माझ्या ओळखीचे.
माझ्या घराला दार नव्हतं, घोंगडी होती.
घोंगडीला धक्का बसत नाही,
तो सरळ आतच येतो.

मध्यरात्री कधीतरी पलीकडून थाप पडली.
तीनदा. माणसाची.
सैनिकानं छातीवर क्रूस काढला.
कोण? मी ओरडले.
जन्मात पहिल्यांदा दाराआडून विचारलं, कोण.
कोण म्हणजे? बोट कुणाची आहे?
डॉन एवारिस्तो, दोर चाचपून आलेला.
अंधारातून न्या पेत्रोना म्हणाली, आधी पाय पुसा.
आणि आम्ही हसलो, तीसेक माणसं,
इतके की कोंबड्या फडफडून उठल्या
आणि तान्हं, जे वादळात झोपलं होतं,
ते रडायला लागलं.

पहाटे तिसरा बुंधा जागेवर नव्हता, दोरही नाही.
जलपर्णीची बेटं वाहत होती, एकावर बगळा,
तोही आमच्यासारखाच, आपली खालची जमीन पुढे जाताना बघत.
न्या पेत्रोना गेलेले कांदे मोजत बसली.
उरलेल्यांचा रस्सा केला. पैसे घेतले, पण अर्धे.

दार पाणी पिऊन फुगलं.
घरी आणलं तर चौकटीत बसेना,
रंधा मारून मारून बसवलं.
खाली कोपऱ्यात बोटभर फट राहिलीच,
तिथून पाली येतात, बेडकं येतात.

येवोत.
रात्री थाप पडली की मी विचारते, कोण?
उत्तर पटलं नाही तर पडून राहते.
पटलं तर कडी काढते
आणि जमीन मातीचीच असली तरी
म्हणते, आधी पाय पुसा.