शेवटची वीत

रुस्तावीच्या गाडीबाजारात
तिसऱ्या चकरेला नानुलीला ती दिसली:
राखाडी, चार दारांची, बारा वर्षांची,
डाव्या दाराला पोचा.

“अमेरिकेतल्या एका म्हातारीची.
चर्चपुरतीच बाहेर निघायची,” गोचा म्हणाला.
“तुझ्या सगळ्याच गाड्या म्हाताऱ्यांच्या,”
म्हणत नानुली बॉनेट न उघडता
थेट मागच्या सीटवर जाऊन बसली.

पट्टा ओढला.
ओढतच राहिली, शेवटच्या वितीपर्यंत,
जी वीत कुणी कधी बाहेर काढत नाही.

तिथे चिखलाची रेघ.
सुकलेली, सरळ, पट्टीने आखल्यासारखी.

गोचाने सिगारेट विझवली.
“पाणीच ते. वाळलं की वाळलं.”
“पाचशे डॉलर कमी कर.”
“अगं, पोरीचं लग्न आहे माझ्या.”
“मागच्या शनिवारीही होतं.”

साडेतीनशेवर तुटलं.

परतताना हीटर लावला
तर गाडीभर एका नदीचा वास,
जिचं नाव नानुलीला कधीच कळणार नव्हतं.
तिने काच चार बोटं खाली घेतली,
थंडी येऊ दिली.

फाटकाशी सासू उभी, हात पिठाचे.
गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली,
“किती पळालीय गं?”

“पळालीय बेताचीच,” नानुली म्हणाली,
“पोहलीय थोडी.”