‘आणि’च्या जागी ‘किंवा’

हेलेनात जानेवारीत शब्दाची
आधी वाफ होते, मग अर्थ.
विधानभवनाच्या तळघरात आम्ही दोघी,
मी आणि वर्ना, मसुदे तपासायचो.
एकीनं मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट,
दुसरीनं ओळीवर बोट सरकवत जायचं.
“पोटकलम दोन, कंस, अ, कंस पुरा, अर्धविराम.”
घरी नवरा म्हणायचा, जेवायला बोलावतेस
तेसुद्धा स्वल्पविराम देऊन.

आयला रौतियो पहिल्यांदा निवडून आली,
दोनशे अकरा मतांनी.
शाळेची बस चालवायची ती, रेडस्टोन गल्चला.
मोंटानात अधिवेशन वर्षाआड, नव्वद दिवस;
उरलेले सगळे दिवस पुन्हा बस.
सभागृहात तिला जागा मिळाली शेवटच्या रांगेत, खांबाआड,
जिथून सभापतींचा फक्त उजवा कान दिसायचा.
“मला तेवढाच लागणार आहे,” ती म्हणाली.

तिचं विधेयक एका शब्दाचं.
खाणीत फुप्फुसं गेलेल्यानं भरपाई मागायची तर हवा
डॉक्टरचा दाखला आणि कंपनीची हजेरीवही.
दाखले मिळत.
वह्या मात्र दर वेळी पुरात वाहून गेलेल्या,
ज्या गावाला नदीच नाही, तिथल्या.
तिला ‘आणि’ खोडून ‘किंवा’ हवं होतं.
बस्स.

पहिल्या वर्षी ते समितीच्या खणात राहिलं.
दुसऱ्या वेळी एका मतानं पडलं;
ते एक मत त्या दुपारी दातांच्या डॉक्टरकडे होतं.
तिसऱ्या वेळी गव्हर्नरांकडून परत आलं,
सोबत फार देखण्या सहीचं पत्र.
चौथ्या वेळचं मला आठवत नाही.
तिला आठवायचं.
आठ वर्षं झाली की खालच्या सभागृहातून
कायदाच उठवतो. ती उठली,
दालन ओलांडून सिनेटमध्ये जाऊन बसली,
तेच बूट, तोच एक शब्द.

मग तो एप्रिल.
अर्थसंकल्प दोन मतांवाचून अडलेला.
रात्री साडेअकराला कुणीतरी तिला जिन्याखाली नेलं.
काय बोलणं झालं ते मसुद्यात येत नसतं.
मसुद्यात एवढंच आलं :
पान एकशे चारवर, ग्रामीण शाळांच्या बसफेऱ्या, कपात.
यादीत सातवी फेरी तिची स्वतःची होती.
ते मीच वाचलं, मोठ्यानं.
वर्नाचं बोट तिथं थांबलं. “पुढे,” मी म्हटलं.

फलकावर तिच्या नावापुढे हिरवा दिवा लागला.
चार दिवसांनी दुसऱ्या विधेयकावर बाकीच्यांचे लागले.

ती तळघरात आली, कोट हातात.
“दाखव.”
मी पान काढून दिलं.
‘किंवा’नं ‘आणि’चीच जागा घेतली होती,
एकाही ओळीला सरकावं लागलं नव्हतं.
तिनं त्यावर अंगठा ठेवला. शब्द पुरता झाकला गेला.
“एवढासाच,” ती म्हणाली.
प्रश्न होता का तो, मला कळलं नाही.
विरामचिन्ह ऐकू आलं नाही.

पुढच्या निवडणुकीत ती पडली. त्रेसष्ट मतांनी.
एकोणचाळीस अर्ज मंजूर झाले म्हणतात,
त्यातले अकरा विधवांचे.
त्यातल्या किती जणींनी तिला मत दिलं
याची हजेरीवही नाही.

हिवाळ्यात मी गल्चला गेले होते, बहिणीकडे.
सकाळी सव्वासात, उणे एकवीस.
जुन्या थांब्यावर तिची स्वतःची गाडी उभी,
हीटर चालू, मागचं दार उघडं.
तीन मुलं चढली.
चौथ्याचा हात आईनं धरून ठेवला
आणि ती दोघं चालू लागली, बर्फाच्या कडेकडेनं.
आयलानं घड्याळ पाहिलं.
बसच्या नियमाप्रमाणे पूर्ण एक मिनिट थांबली,
मग दार ओढून घेतलं.