बीएस्सी भाग दोन

दोन इंद्रियांचा जीव, आई सांगायची,
स्पर्श आणि चव, बस्स.
नाक नाही, डोळे नाहीत, कान नाहीत,
तरी जीव तो जीव.
आणि हंड्यावरचं गाळायचं फडकं
आणखी एक गाठ मारून घट्ट करायची.

आण्णा कॉलेजात, प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत.
हजेरीपटावर : बाबगोंडा चौगुले, परिचर.
जुलै लागला की सर चिठ्ठी द्यायचे,
'गांडुळे, नग ऐंशी. लांब व पट्टेदार.'
चातुर्मास आणि प्रॅक्टिकल एकाच महिन्यात यायचे,
त्याला कोण काय करणार.

दिवस असतानाच जेवून घ्यायचो आम्ही,
मग रात्री नऊला सायकलवरून गंगावेशीत,
म्हशींच्या गोठ्यामागं, जिथं शेणपाणी मुरतं तिथं.
बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद.
'पाय आपटू नगंस. कान न्हाईत त्यास्नी,
पर तुझा तळवा कळतोय.'

अर्धं अंग बिळात, अर्धं बाहेर,
ओल्या गवतावर नुसतीच चकाकी.
धरायचं, पण ओढायचं नाही.
'तुटतंय. धरून बस.
तेच्या मनानं सुटू दे.'
मी तिसरीत. मनात मोजायचे,
वीस, तीस.
एकदा एकाच गांडुळासाठी दोनशे अकरा.
पावसाची भुरभुर, मागं म्हशींचं रवंथ,
आणि चिमटीत काहीतरी जे ठरवत होतं.

पोतं रात्रभर दाराबाहेर, हँडलला टांगलेलं.
आण्णा मोरीत डोक्यावरून पाणी घ्यायचे.
टाचण्या पोरं टोचत, मेणाच्या ट्रेमध्ये.
'मी फकस्त आणून देतो,' ते म्हणायचे,
आईनं काही विचारलेलं नसताना.

मग एका जुलैत परिपत्रक आलं.
चिरफाड बंद. संगणकावर बघा.
पोतं तर भरलेलं होतं.
टाका बागेत, सर म्हणाले.
बागेत साळुंक्या बसलेल्या, ओळीनं.
आण्णांनी पोतं परत हँडलला लावलं.

चिरलेला प्लास्टिकचा टब, तळाला विटांचे तुकडे,
नारळाच्या शेंड्या, रुईकडच्या मामाकडून उसाचं पाचट,
आठ दिवस निवलेलं शेण, वर ओलं बारदान.
चहाचा चोथा चालतो. केळीची साल चालते.
लिंबू नको, मीठ नको, तिखट नको,
कांदा-लसूण तर जवळही नको.
आई पहिल्यांदाच टबाशी आली, वाकून बघितलं,
'मग आपल्यातलीच की ही.'

पुराच्या वर्षी पाणी तिसऱ्या पायरीवर होतं
तेव्हा आण्णांनी कपाट उघडलं नाही.
टीव्ही राहिला, माझी सर्टिफिकिटं राहिली,
भांड्यांची उतरंड हळूहळू तरंगायला लागली.
बोटीतला पोरगा ओरडला, म्हाताऱ्या, काय हाय त्यात?
'बीएस्सी भाग दोन,' आण्णा म्हणाले,
आणि टब मांडीवर घेऊन बसले.
पोरगा हसला नाही. सरकून जागा दिली.

कार्यालयाच्या व्हरांड्यात नऊ दिवस.
भाताचं गंजभर सांडलेलं, कुणाकुणाच्या चपला,
रात्री कुणीतरी रडायचं, कुणीतरी गप करायचं.
आण्णा उठून बारदानावर पाणी शिंपडायचे,
चूळ भरायच्या तांब्यातलं.
पुराला पुरेसं पाणी असूनही
ते पाणी कमी पडायचं.

परत आलो. भिंतींवर छातीएवढी रेघ.
किती उरली, मी विचारलं.
'मोजायची सवय सोडलीया.'

क्षमावाणीच्या दिवशी आई सगळ्यांना हात जोडून आली,
मामाला फोन, खालच्या भाडेकरूला,
जिच्याशी चार वर्षं बोलणं नव्हतं त्या जावेलाही.
आण्णा दळण घेऊन गिरणीत गेले, मुद्दाम.
मग ती मागच्या दारी गेली,
बारदानाचा कोपरा उचलला, थोडी वाकली.
काय बोलली ते शेजारच्या मोटारीच्या आवाजात
मला ऐकू आलं नाही.
त्यांना तर कानच नाहीत.
तिनं तळहात मातीवर ठेवला होता.