दर

उद्यमबागेत तिसऱ्या फाटकाशी स्कूटर लावते.
"दिवसाचे तीन हजार?"
देसूरकर कॅल्क्युलेटर पालथा घालतात.
"वर्षात काय झालंय काय आमच्याकडं?"

नाही झालं.
तेच तर विकते मी.

पगारावर होते तेव्हा अठ्ठावीस हजार,
आणि पुढं येईल त्या कागदावर सही.
आता सही माझी,
पेट्रोलही माझं.

शेडात भरमा लेडल कलता करतो,
तांबडा रस साच्यात,
पायात रबरी चप्पल.
भिंतीवर कन्नडात 'सुरक्षते मोदलु',
खाली त्याचा डबा टांगलेला.

"बूट?"
"हायत की, बाई. पोरगं घालतंय कॉलेजला."

कोटेशनवर तीनाचे दोन करते,
खाली बारीक अक्षरात:
बूट, नऊ नंबर, आजच.

देसूरकर सही करतात,
आकडा बघून.