फेस

गोव्हन रोडवर, टायरच्या दुकानामागे
आम्ही चौघं गाड्या धुतो.
माझं इंग्रजी वीस शब्दांचं:
काच वर घ्या, आठ पाउंड, सुट्टे नाहीत, असलं.
क्लुजहून आलो तेव्हा पंधरा होते.
पाच वर्षांत पाच वाढले. बास की.

गस्सानचं तसं नाही.
होम्समध्ये तो माणसांची काळजं उघडून शिवायचा,
इथे मागची सीट उचलून
पोरांनी सांडलेल्या चिप्स ओढून काढतो.
परीक्षेत दोनदा गेला, दोन्ही वेळा अर्ध्या गुणानं.
काळजाच्या नाही,
इंग्रजीच्या.

म्हणून शाम्पूचे खोके कापून त्यानं पत्ते केलेत.
ऑब्स्टिनेट. रिलक्टंट. अनइक्विव्होकल.
ओल्या बोटांनी शाई फुटते,
तरी एकेक पत्ता मागे सारतो, ओठ हलवत.
इनएक्सॉरेबल म्हणजे रे काय, मी विचारतो.
कितीही गयावया करा, जे थांबत नाही ते.
म्हणजे मालक.
तो हसत नाही. पुढचा पत्ता.
तोंडाला फेस आणलाय या भाषेनं त्याच्या,
अंगाला तर तो सकाळपासून असतोच.

गुरुवारी मिसेस गॅलब्रेथ आल्या, करडी होंडा,
शेजारची सीट रिकामी, पट्टा मात्र लावलेला.
गस्साननं विचारलं, साहेब कसे आहेत?
रात्रभर उठतो रे, मला ओळखत नाही.
स्कनर्ड झालेय मी, बाळा.

गस्सानचा स्पंज थांबला.
अठ्ठावीसशे पत्त्यांत हा नव्हता.
ताठ उभा राहून म्हणाला,
आपण कृपया इल्युसिडेट कराल का?
बाई हसल्या, खूप हसल्या,
मग वायपरकडे बघत राहिल्या.

ज्याच्यावर जीव असतो ना,
त्याचाच वीट येतो,
आणि सकाळी उठून परत
त्याचीच अंडी उकडायची.

गस्साननं बॉनेटवरच्या फेसात
बोटानं लिहून पाहिलं, मोठ्या अक्षरांत.
बाई उतरल्या. हातमोजा काढला.
एक एन राहिला, म्हणाल्या,
आणि दोन अक्षरांच्या फटीत
घुसवला कसाबसा.

पाइप माझ्या हातात होता.
मागच्या टॅक्सीनं दोनदा हॉर्न दिला.
फेस आपोआप खाली सरकायला लागला होता,
गस्सान वाचतच होता,
बाई परत आत बसून
पट्टा चाचपत होत्या, रिकाम्या सीटचा.

काच वर घ्या, मी म्हणालो.
जमेल तितक्या हळू.