सातवी पायरी

कालवा आला त्या साली विहिरीवरची मोटर काढली,
गोठ्याच्या माळ्यावर टाकली, पोत्यात गुंडाळून.
पाणी चालत बांधावर येतंय
तर खालचं उपसायचं कुणी?

मग विहीर आपोआप भरत गेली.
दहावी पायरी बुडाली, आठवी, पाचवी.
आम्ही म्हणालो, बरकत.
उसाचा पाला पिवळा पडला
तेव्हा म्हणालो, युरिया कमी पडला.

खालच्या तुकड्यात ट्रॅक्टर रुतला,
भर चैत्रात,
मोहोळच्या रस्त्यावर डांबर पाघळत होतं तेव्हा.
बांधाला पांढरं फुटलं.
म्हशीनं चाटून बघितलं, तोंड फिरवलं.
चिबड झालं, म्हणाले लोक,
गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात.

महानंदा हत्तुरे टेप घेऊन यायची,
टोकाला पितळी वजन,
वहीत बत्तीस विहिरी.
वजन पाण्याला टेकलं की डुबुक् व्हायचं,
ती आकडा लिहायची. बोलायची कमी.
एकदाच म्हणाली,
"चारीतून किती आलं त्याची पावती आहे तुमच्याकडे.
खालून किती वर आलं, त्याची?"

एक पाळी पाटाची घ्या, एक सोडा.
सोडलेल्या पाळीला विहीर चालवा.
सभेत सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो,
हक्काचं पाणी सोडायला मी काय खुळा?
आणि सगळ्यात आधी मोटरही मीच उतरवली,
रात्री, कुणी बघू नये म्हणून.
आत उंदरांनी घर केलं होतं.

उन्हाळ्याचा सात नंबरचा अर्ज भरला नाही.
विहिरीचं पाणी मचूळ,
नुसतं दिलं तर पीक कोमेजतं;
पाटाच्या पाण्याआड दिलं तर चालतं.
दिवसा आठ तास लाईट, आठवडाभर उपसा,
पाणी हटलं वीतभर.

आणि शेपटाकडच्या दस्तगीर मुलाणीचा फोन.
त्याच्या चारीत बाभळी हातभर जाड झालेल्या.
"आलं," म्हणाला. "गढूळ आहे.
चपला वाहून गेल्या माझ्या."
हसत होता की काय, नीट कळलं नाही.

आज सातवी पायरी उघडी आहे, शेवाळासकट.
महानंदा म्हणते, नववी दिसली की थांबा,
त्याच्या खाली गेलात तर मीच भांडायला येईन.

खालच्या तुकड्यात ज्वारी टाकली.
निम्मी उगवली.
उरलेल्या निम्म्यात पहाटे फिरतो.
पायाखाली ढेकूळ फुटतं,
कोरडं,
आणि मी परत मागे जाऊन
दुसऱ्या ढेकळावर पाय देतो.