अकरा डावे

पुढचा उजवा आर्म तुटला.
पुन्हा तोच.

पिशवीत जोडी यायची, एक डावा, एक उजवा,
सुटा मिळायचा नाही.
आणि आमचा ट्रॅक घड्याळासारखा फिरतो,
वळण कापायला गेलं की आतल्या विटेला
दर वेळी उजवं चाकच जाऊन भिडतं.
म्हणून खारी बिस्किटाच्या डब्यात माझ्याकडे
अकरा डावे आर्म आहेत,
कोरे, काळे,
एकालाही स्क्रू लागलेला नाही.

आता पिशवीच येत नाही.
नऊ वर्षांचं मॉडेल, कंपनीने बंद केलं.

मी जॉबर आहे, अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या लूमवर.
लूम माझ्याहून वयाने मोठा.
त्याचा पिकर फुटो, पट्टा तुटो, धोट्याचं टोक झिजो,
साखर पेठेत अर्ध्या तासात हातात पडतं,
वर दुकानदार चहा पाजतो.
एवढं धूड जगवणं सोपं.
वीतभर रुंदीची गाडी मात्र
जीव खाते.

बेअरिंगच्या दुकानात जातो. पाच-दहा-चार आहे का?
'कुठल्या मशीनचं?'
गाडीचं.
'कुठली गाडी?'
दोन्ही हातांनी दाखवतो, एवढी.
तो माझ्या पिकलेल्या मिशीकडे बघतो,
मग ड्रॉवर उघडतो.
हे एक मिळतं.

बाकीचं घरी.
रविवारी रात्री जेवणं झाली की गाडी उघडायची,
डिफच्या बारीक गोळ्या पेट्रोलमध्ये धुवायच्या.
एखादी टणकन उडून पलंगाखाली गेली
की पद्मजा टॉर्च आणून देते. बोलत काही नाही,
टॉर्च जरा जोरात ठेवते.
कार्बनच्या पट्टीची कड सुटू लागली की फेविक्विकची धार.
शिम हवी तर थंड पेयाचा डबा कातरायचा.
शॉकमध्ये तेल भरून
बुडबुडा वर येईपर्यंत थांबायचं,
घाई केली तर गाडी वळणात उड्या मारते.

आर्म मात्र घरी होत नाही.
यल्लप्पा बोद्धूलच्या लेथवर गेलो.
त्याने तुकडा चष्म्याजवळ धरला,
'एमय्या, कोंबडीचं हाड आणलास काय?'
चौथ्या दिवशी नायलॉनच्या दांड्यातून काढून दिला,
लेथवर कमी, कानशीनेच जास्त.
पांढराशुभ्र. काळ्या गाडीला
म्हाताऱ्याने सोन्याऐवजी चांदीचा दात बसवावा तसा.
पैसे किती? तर म्हणे,
'एकदा माझ्या हातात दे.'
दिली. सुसाट सरळ गेली, भिंतीवर.
जाऊन बघितलं, वाकून हात लावला, म्हणाला,
'आर्म चांगला झालाय.'

गावात हे मॉडेल दोघांकडेच,
दुसरं रझाक नदाफचं.
बंद मिलच्या सिमेंटच्या आवारात आम्ही भेटतो,
मे महिन्यात सकाळी सहाला,
आठ वाजले की टायर लोण्यासारखे घसरतात.
त्या दिवशी कडक भाकरी मोडता मोडता
त्याने विचारलं, तुझ्याकडे किती?
अकरा डावे.
'माझ्याकडं नऊ.'
भाकरी चावत बराच वेळ विटांकडे बघत बसला.
'मग ट्रॅकच उलटा फिरवू की बे.'

फिरवला.
वीस डावे आहेत, दोन वर्षं बघायला नको,
असा हिशोब.

तीन रविवार झाले.
डाव्या वळणाला अंगठा अजून बिचकतो,
विटेपासून हातभर लांबून
दोघंही लग्नाच्या वरातीसारखे जातो.
एकही डावा तुटला नाही.
रझाक म्हणतो, एखादा मुद्दाम ठोकू का?

काल रस्त्यात बोद्धूल भेटला.
दांडा उरलाय म्हणाला,
अजून एक उजवा करून ठेवू का?

ठेव, म्हटलं.